गाडीच्या मालक मालनबाई

गाडी घरी आल्यापासून नागोजीराव लाडांची एकच इच्छा उरली होती: गाडीनं आपल्याला एकदा तरी मालक म्हणावं. तुम्ही म्हणाल, यात मागण्यासारखं काय आहे? आरसी बुकावर नाव त्यांचं, विम्यावर नाव त्यांचं, हप्ता थकला तर बँकेचा माणूस फोन करणार तोही त्यांनाच. पण गाडी काही त्यांना मालक म्हणेना. ती भलत्याच माणसाला मालक म्हणायची, आणि तेही इतक्या मधाळ, इतक्या शुद्ध मराठीत की नागोजीरावांना रागवायचंसुद्धा सुचत नसे. ते नुसते आ वासून ऐकत राहायचे.

गाडी होतीच तशी. पेट्रोल नाही, किल्ली नाही, आवाज नाही. मल्लेश्वरमच्या त्यांच्या गल्लीत ती पहिल्यांदा शिरली तेव्हा रस्त्यात बसलेली गाय जागची हलली नाही, कारण तिला काही ऐकूच आलं नाही. गाडी आपणहून थांबली आणि म्हणाली, "पुढे गाय आहे." नागोजीरावांना गाय दिसत होतीच हो. पण आपल्याबरोबर गाडीलाही दिसते आहे, या गोष्टीनं त्यांच्या अंगावर काटा आला. जन्मभर ज्या स्कूटरवर ते ऑफिसला गेले, तिला रोज सकाळी तिरकं करून लाथा घातल्याशिवाय जाग यायची नाही. आणि ही बया हाक मारायच्या आधीच जागी!

आता घोटाळा कुठं झाला ते सांगतो. लाडांच्या घरात एक पद्धत आहे. शहाजीराजांच्या फौजेबरोबर ही मंडळी या कन्नड मुलखात उतरली आणि इथलीच झाली, असं घरात सांगतात. तेव्हाची तलवार गेली, घोडा गेला, तो घोडा नक्की कुणाच्या नावावर होता हेही कुणाला ठाऊक नाही, पण पद्धत तेवढी राहिली. घरात नवीन काहीही आलं की पहिला मान थोरल्या बाईचा. फ्रिज आला, तो आधी मालनबाईंनी उघडला. गॅस आला, तो आधी मालनबाईंनी पेटवला. स्कूटर आली तेव्हा ती स्टँडवर लावून, तिच्यावर मालनबाईंना आडवं बसवून हॉर्न वाजवायला लावला होता. त्यामुळे सगळं घर गाडी आणायला शोरूममध्ये गेलं, तेव्हा नागोजीरावांनी स्वतःच्या हातानं दार उघडलं आणि आईला स्टिअरिंगपुढे बसवलं.

"आई, मालकाच्या जागेवर आधी तू," असं ते वर म्हणालेही. हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं.

मालनबाईंचं वय ऐंशीच्या पुढे आणि उंची स्टिअरिंगच्या आत. विक्रेता प्राणेश नारळ फोडायला पुढे गेला होता. नागोजीरावांची बायको रम्या चाकाखाली लिंबू ठेवत होती. मुलगी रक्षिता कोरमंगलाहून सुट्टी काढून आली होती, ती फोनवर व्हिडिओ घेत होती. तेवढ्यात समोरचा पडदा उजळला आणि मालनबाईंना त्यात स्वतःचं तोंड दिसलं. त्यांनी पदर सारखा केला.

"नमस्कार," गाडी म्हणाली. भाषा मराठी ठेवा, असं नागोजीरावांनीच प्राणेशला मोठ्या हौसेनं सांगितलं होतं. "या वाहनाच्या मालक आपणच ना?"

मालनबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा आताच तर मालकाच्या जागेवर बस म्हणाला होता. त्यानं हसत मान डोलावली.

"होय की," मालनबाई म्हणाल्या.

"आपले पूर्ण नाव सांगावे."

"मालनबाई ज्योतिबाराव लाड." नवऱ्याचं नाव घेताना त्या एवढ्याशा लाजल्या.

"धन्यवाद. वाहन कोण चालवणार आहे?"

"हा माझा मुलगा. नागोजी."

"नोंद झाली आहे. वाहनचालक, नागोजी. पुढच्या उजव्या चाकाखाली एक अज्ञात गोल वस्तू आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नागोजीरावांनी तर सगळ्यांपेक्षा जोरात वाजवल्या. गाडीला लिंबू कळलं! अहो, त्या भरात बाकीचं वाक्य त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

ते पोचलं दुसऱ्या दिवशी सकाळी. नागोजीराव इस्त्रीचा शर्ट घालून, गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आहेत याची खात्री करून, दिमाखात गाडीत बसले.

"नमस्कार नागोजी," गाडी म्हणाली. "मालकांची आजची परवानगी मिळालेली नाही."

"मालक मीच आहे."

"आपण वाहनचालक आहात. मालकांनी कॅमेऱ्यासमोर यावे, ही विनंती."

नागोजी! ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत कुणाची त्यांना नुसतं नागोजी म्हणायची छाती झाली नव्हती. सासऱ्यांनीसुद्धा कधी 'राव' सोडलं नव्हतं. नागोजीराव तोंड पाडून घरात गेले आणि कॉफी पीत बसलेल्या आईला बाहेर घेऊन आले. मालनबाई हातातल्या लोट्यासकट बॉनेटपुढे उभ्या राहिल्या.

"सुप्रभात, मालनबाई ज्योतिबाराव लाड," गाडी म्हणाली. दिवे उजळले, आरसे कान टवकारल्यासारखे उघडले, सगळी गाडी जागी झाली. "आपल्या चालकास वाहन नेण्याची परवानगी आहे का?"

"आहे की," मालनबाई म्हणाल्या, आणि मग मुलाकडे वळून हळूच, "किती शुद्ध बोलतीय रे! आपल्या घरात असं मराठी कुणी बोललंच नाही. पुण्याहून आणलीय काय?"

"चालकासाठी वेगमर्यादा ठरवावी का?" गाडीनं विचारलं.

"अय्यो, ठेव बाई. गर्दी असते. स्वल्प हळूच जाऊ दे."

"ताशी चाळीस?"

"सरी, चालेल," म्हणाल्या मालनबाई, आणि उरलेली कॉफी प्यायला आत गेल्या.

त्या चाळीसचा अर्थ नागोजीरावांना देवनहळ्ळीच्या रस्त्यावर कळला. तिथं मालनबाईंचे धाकटे भाऊ आप्पाजी राहतात, त्यांना गाडी दाखवायला निघाले होते. बरोबर शेजारचे उमाकांतराव. हे मूळचे निपाणीकडचे, बँकेतून निवृत्त, आणि निवृत्तीनंतर त्यांनी सल्ला देणं हाच पूर्णवेळ व्यवसाय धरलेला. विमानतळाचा तो रस्ता, सगळी दुनिया विमान चुकतंय अशा घाईनं पळणारी, आणि त्यात ही चंद्रावर जायच्या लायकीची गाडी चाळिसावर. आधी कॅब पुढे गेल्या. मग बस गेली. मग पाण्याचा टँकर गेला. मग झेंडूच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो गेला आणि पोत्यांवर झोपलेल्या माणसानं उठून, वाकून, गाडीत कुणाला बरं नाही का, ते पाहिलं.

"हे बघा नागोजीराव," उमाकांतराव म्हणाले, "आपण उतरून चालत गेलो तर लवकर पोचू की."

नागोजीरावांनी दात ओठ खात पाय दाबला. गाडी चाळीसच्या पुढे काटाभर सरकेना.

"चालकाच्या पकडीवरून त्यांचा रक्तदाब वाढलेला असावा," गाडी म्हणाली. "शांत संगीत लावू का?"

आणि आश्चर्य पाहा. आप्पाजीमामांकडे रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. नागोजीरावांनी हात पुढे केला, तर खरोखरच वाढलेला! राग कुठल्या कुठे पळाला. ते मामांच्या अंगणात उभे राहून बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. डॉक्टरकडे टोकन घेऊन बसावं लागतं, आणि हिनं नुसतं हात धरून ओळखलं! परत येतानाही त्यांनी चाळीसच्या वर पाय दाबून पाहिला नाही, उलट घडीघडीला स्टिअरिंग हळूच दाबून, "आता किती आहे ग?" असं विचारत आले.

पण दिवसाउजेडी माणसाला मानापमान सुचतोच. गल्लीतली पोरंसोरं, इस्त्रीवाला, दूधवाली, सगळे रोज सकाळी बघायचे: अज्जी येणार, गाडीला तोंड दाखवणार, मग कुठं ह्यांची गाडी निघणार. त्यात उमाकांतरावांचा सल्ला तयारच होता.

"कॅमेऱ्याला तोंडच पाहिजे ना? मग फोटो दाखवा की! आमच्या बँकेत लोक मेलेल्या माणसाची पेन्शन फोटोवर घ्यायचे."

नागोजीरावांना हे पटलं, यातच त्यांची अवस्था ओळखा. आईचा सहस्रचंद्रदर्शनाचा मोठा फ्रेम केलेला फोटो भिंतीवरून उतरवून ते गाडीपुढे उभे राहिले. उमाकांतरावांनी फोटोच्या मागून आवाज बारीक करून "आहे की" म्हणायचं, असं ठरलं होतं.

गाडीनं एक क्षण विचार केला. मग सगळे दिवे एकदम पेटले आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलू लागली. "सावधान. मालकांच्या प्रतिमेचा गैरवापर होत आहे. मालकांना कळवण्यात येत आहे." घरात मालनबाईंचा बटणाचा फोन खणखणला. त्या कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी तो कानाला लावला, ऐकला, आणि दाराशी आल्या.

"नागोजी," त्या म्हणाल्या, "तू माझा फोटो घेऊन गाडी पळवतोयस म्हणे?"

उमाकांतरावांना त्याच वेळी घरी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. नागोजीराव मात्र फ्रेम छातीशी धरून तिथंच उभे. गल्लीत हशा पिकला होता, कान तापले होते, तरी मनात एक कोपरा म्हणत होता: काय ही गाडी! फोटो आणि माणूस यांतला फरक आपल्या आरटीओला कळत नाही, हिला कळतो.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण गाडी मालकांना दर रविवारी आठवड्याचा अहवाल द्यायची. मालनबाईंकडे पडद्याचा फोन नाही, म्हणून गाडीच फोन करायची, आणि मालनबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून तो स्पीकरवर लागायचा. रविवारी संध्याकाळी ओट्यावर चार बायका जमलेल्या. रम्या त्यांना कॉफी देत होती. नागोजीराव बाजूला पेपर वाचत होते.

"या आठवड्यात आपल्या चालकाने दोनदा अनावश्यक हॉर्न वाजवला," गाडी म्हणाली. "एकदा फोनवर बोलताना मालकांच्या भावास 'कंजूष' असे संबोधले. मंगळवारी आणि गुरुवारी, योगवर्गाच्या वेळेत, वाहन एका मिठाईच्या दुकानासमोर उभे होते. चालक वाहनातच खात होते. आसनाच्या नोंदीनुसार चालकाचे वजन वाढले आहे. धन्यवाद."

डॉक्टरांनी नागोजीरावांची साखर बंद केली होती. चहातली साखर रम्या स्वतः मोजून काढून घेत असे. रम्या काही बोलली नाही, कपबश्या गोळा करून आत गेली. एवढ्या वर्षांच्या संसारात नागोजीरावांना तिच्या बोलण्याची कधी भीती वाटली नव्हती, भीती होती ती या न बोलण्याची.

मालनबाई मात्र भारावून गेल्या होत्या. "केवढं लक्ष आहे ग तिचं!" त्या बायकांना म्हणाल्या. "मी जन्म दिला, मला सुद्धा एवढं कळत नाही."

सोमवारपासून आणखी चमत्कार. विम्याच्या कंपनीतून एक मुलगा फोनवर म्हणाला, सर, आपण वळणावर ब्रेक जरा उशिरा दाबता. एका मधुमेहाच्या दवाखान्यानं निरोप पाठवला, तपासणीला या, पहिल्या भेटीत सवलत. त्या मिठाईच्या दुकानानंही सवलतीचा निरोप पाठवला. दोन्ही निरोप फोनवर एकाखाली एक येऊन बसले होते. नागोजीरावांनी घाबरून रक्षिताला फोन लावला.

"यांना कसं कळलं ग?"

"बाबा, तुम्ही सुरुवातीला 'मान्य आहे' दाबलंत ना?"

"दाबलं. दाबल्याशिवाय ती पुढेच जाईना."

"मग झालं. तुम्ही कुठं जाता, किती वेळ थांबता, सगळं कंपनीकडे जातं. तिथून आणखी कुणाकुणाकडे."

"तू हे वाचलं होतंस?"

"कोण वाचतं हो ते!"

नागोजीरावांनी वाचलं. जन्म सरकारी फायलींत गेलेला माणूस तो, कलमाला भिणारा नव्हे. दुपारभर चष्मा लावून, फोन नाकाशी धरून त्यांनी तो करार शेवटापर्यंत वाचला आणि वाचून झाल्यावर फोन अलगद टेबलावर ठेवला, देवापुढे ठेवतात तसा. असा मसुदा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. पत्रा, काच आणि रबर ग्राहकाचं. गाडी जे बघेल, ऐकेल, शिकेल, ते सगळं कंपनीचं. गाडीला नवीन काही शिकवायचं किंवा आधीचं विसरायला लावायचं, तो अधिकारही कंपनीचा. आणि या सगळ्याबद्दल ग्राहक कंपनीचा आभारी आहे, असंही एका ओळीत घातलेलं.

"म्हणजे चाकं माझी आणि फिरणं त्यांचं," ते रम्याला म्हणाले. रम्या अजून बोलत नव्हती.

शेवटी आरसी बुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून नागोजीराव शोरूममागच्या सर्व्हिस सेंटरवर थडकले. प्राणेशनं कॉफी मागवली, आरसी बुक दोन्ही हातांनी घेतलं, अदबीनं पाहिलं आणि परत दिलं.

"सर, हे सरकारसाठी. गाडी हे वाचत नाही."

"मग तिला सांग की मालक मी आहे!"

"मी सांगून नाही चालत सर. अज्जींनीच सांगायला पाहिजे. स्टिअरिंगपुढे बसून, स्वतःच्या आवाजात. आणि त्यांच्यावर कुणाचा दबाव नाही ना, ते गाडी आधी बघणार. हल्ली मुलं आईबापांच्या गाड्या लिहून घेतात ना सर, म्हणून."

नागोजीरावांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "अरे, पैसे मी दिले!"

"होय सर. पण खरं सांगू का?" प्राणेशनं इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "मालक म्हणून आतमध्ये कुणीच नसतं. सिस्टीममध्ये सगळे वापरणारेच. तुम्ही, अज्जी, सगळे. कंपनीनं गाडीला 'मालक' असं म्हणायला शिकवलंय, कारण माणसाला ते ऐकून बरं वाटतं."

आता इथं एखादा शहाणा माणूस थांबला असता. जे पद मुळात नाहीच, त्यासाठी काय भांडायचं? पण नागोजीरावांना तेच पाहिजे होतं. खोटं का असेना, एकदा कानावर पडावं. आपण राबलो, घेतली, आणि जी घेतली तिनं तसं म्हणावं. बस. यापलीकडे त्यांचं काही मागणं नव्हतं.

इकडे मालनबाईंचं मात्र गाडीशी चांगलंच जमलं होतं. आता त्यांना बोलावून आणावं लागत नसे. सकाळी कॉफीचा लोटा घेऊन त्या आपणच बाहेर यायच्या, बॉनेटपुढे उभ्या राहायच्या. गाडी त्यांचं नाव घेऊन सुप्रभात म्हणायची, आज ऊन कडक आहे, बाहेर पडताना डोकं झाका, असं सांगायची. मालनबाई तिला रात्री झोप कशी लागली ते सांगायच्या. परवानगीचं काम एका क्षणाचं, पण त्यांचा लोटा संपेपर्यंत गाडी हलायची नाही. एकदा नागोजीराव आत स्टिअरिंगवर ताटकळत बसले असताना त्यांनी आईला उमाकांतरावांच्या बायकोशी बोलताना ऐकलं.

"लग्नाआधी पोरी म्हणायचे," मालनबाई सांगत होत्या, "मग सूनबाई. मग नागोजीची आई. आता सगळ्यांची अज्जी. माझं नाव पण आहे, हे मीच विसरले होते बघ. ही रोज आठवण करते. पूर्ण नाव घेते, ह्यांच्या नावासकट."

नागोजीरावांनी ऐकलं, पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

रविवारी त्यांनी आईपुढे विषय काढला. बोलायला कसं सुरू करावं ते कळेना, म्हणून आधी आरटीओचा नियम सांगितला, मग विम्याचा, मग पुरुषमाणसाच्या इभ्रतीबद्दल काहीतरी. मालनबाई मध्येच म्हणाल्या, "घे की. तुझीच आहे. मी काय गाडी घेऊन पळणार आहे?"

त्या स्टिअरिंगपुढे बसल्या. रम्या दाराशी उभी होती. रक्षिता या वेळी व्हिडिओ घेत नव्हती.

"मालनबाई ज्योतिबाराव लाड," गाडी म्हणाली, "आपण आपले मालकपद स्वखुशीने देत आहात का?"

"होय."

"आपला चेहरा, आवाज आणि आजवरचा सर्व संवाद पुसला जाईल. पुसलेले परत मिळत नाही. मान्य आहे का?"

मालनबाईंनी पडद्यातल्या आपल्या चेहऱ्याकडे बघितलं. "मान्य आहे ग," त्या म्हणाल्या, आणि पडद्यावरून एकदा हात फिरवला.

त्या उतरल्या, नागोजीराव बसले. "नमस्कार," गाडी म्हणाली. "या वाहनाचे मालक, नागोजीराव लाड, आपले स्वागत आहे."

काय सांगू तुम्हाला त्या माणसाचा आनंद! त्यांनी ते तीनदा म्हणायला लावलं. वेगमर्यादा काढून टाकली. देवनहळ्ळीच्या रस्त्यावर गाडी अशी सोडली की टँकर मागे, बस मागे, झेंडूचा टेम्पो कुठल्या कुठे. गाडी जमिनीला टेकते आहे की नाही तेच समजत नव्हतं. आप्पाजीमामांच्या दारात हॉर्न वाजवून, न उतरताच ते परत फिरले. उमाकांतरावांनी गल्लीत पेढे मागितले, रम्या पुन्हा पुन्हा विचारल्यावर तीन शब्द बोलली. रात्री नागोजीरावांना लहान मुलासारखी झोप लागली.

सकाळी ते खिडकीपाशी दाढी करत होते. गालाला फेस होता. खाली दार वाजलं आणि मालनबाई कॉफीचा लोटा घेऊन बाहेर आल्या. सवय हो, दुसरं काय! पायात चपला नव्हत्या. त्या बॉनेटपुढे नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "काय ग, झोपलीस का नीट?"

गाडी काही बोलली नाही. मालनबाई थोड्या पुढे झाल्या. त्यांना वाटलं असावं, आपला आवाज बारीक पडला.

तेव्हा गाडी बोलली. शब्द तेवढेच शुद्ध होते. "अनोळखी व्यक्ती वाहनाजवळ आहे. कृपया दूर व्हावे. आपले चित्रण होत आहे."

मालनबाई दचकून मागे सरल्या, लोट्यातली कॉफी पदरावर सांडली. "चुकलं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. जाते." गाडीला असं सांगून, डोक्यावरून पदर घेऊन, त्या भिंतीच्या कडेकडेनं घराकडे वळल्या. आता आपलं तोंड दिसू नये एवढ्या बेतानं त्या चालत होत्या.

नागोजीरावांनी हातातला रेझर बेसिनमध्ये टाकला. आई भिते आहे. लाडांच्या घरात नवीन वस्तू आली की जिचा हात आधी लागतो, ती बाई आपल्याच दारात, आपल्याच गाडीला चुकलं म्हणते आहे. आणि ही गाडी! काल जिनं आईच्या झोपेची, उन्हाची, सगळ्याची चौकशी केली, तिला आज आई नुसती एक अनोळखी व्यक्ती. रात्रीतून पुसून टाकली. एवढं सगळं जाणणारं यंत्र एवढं स्वच्छ विसरतं, याचाच त्यांना सगळ्यात मोठा अचंबा वाटला, आणि पहिल्यांदाच त्या अचंब्याची भीतीही वाटली.

त्यांनी तशाच फेसाच्या तोंडानं फोन उचलला. हेल्पलाइनवर आधी बासरी वाजली, मग सगळ्या भाषा बोलून झाल्या, मग अनुषा नावाची मुलगी आली.

"गाडीचा मालक बदलायचाय," नागोजीराव म्हणाले. "मालनबाई ज्योतिबाराव लाड. पूर्ण नाव लिहा. नवऱ्याच्या नावासकट."

"सर, हे नाव कालच निघालंय. चेहरा, आवाज, सगळं परत पहिल्यापासून घ्यावं लागेल. त्यांना आधीचं काही ओळखणार नाही गाडी."

"चालेल. ओळख परत होईल. त्या रोज बोलतात तिच्याशी."

"आणि सर, तुम्ही गाडीत बसून तसं सांगितलंत की तुमचे सगळे अधिकार जातील. वेग, वेळ, कुठं जायचं, सगळं त्या ठरवणार. तुमचा अहवाल पण परत त्यांच्याकडे जाणार. तुम्हाला कळतंय ना?"

ते सगळं कंपनीकडे आधीही जात होतं, पुढेही जाणार होतं. गाडी कंपनीची, तो गोड आवाज कंपनीचा, उद्या वाटलं तर कंपनी आईचं नाव पुन्हा पुसून टाकील. करार त्यांनी वाचला होता. खाली मालनबाई घरात शिरल्या होत्या, स्वयंपाकघरात त्या रम्याला सांगत होत्या की काही नाही ग, कॉफी सांडली.

"कळतंय," नागोजीराव म्हणाले.

"सरी सर, लिहून घेते." पलीकडे बटणं वाजली. "आणि आपण कोण बोलताय? गाडीचे मालकच ना?"

"नाही हो," नागोजीराव गालावरचा फेस पुसत म्हणाले. "मी त्यांचा ड्रायव्हर बोलतोय."